ग्रंथ आणि वृक्ष : मेक्सिको शहरातील वास्कोन्सेलोस ग्रंथालयाची वास्तुरचना

(१)

मराठीत ‘पान’ हा एकच शब्द वृक्षाच्या पर्णालाही लागतो आणि ग्रंथाच्या पृष्ठालाही. संस्कृतातील ‘पत्र’ शब्दाची कथा याहून निराळी नाही. ज्या देशात भूर्जवृक्षाच्या सालीवर आणि ताडाच्या पानांवर शतकानुशतके लेखन होत आले, त्या देशात ग्रंथाच्या अवयवांना वनस्पतींच्या अवयवांची नावे मिळावीत, हे स्वाभाविकच होय. वेदाची ‘शाखा’, रामायणाचे ‘कांड’, महाभारताचे ‘पर्व’, भागवताचा ‘स्कंध’, तैत्तिरीय उपनिषदातील ‘वल्ली’ हे सारे शब्द खोड, पेर, फांदी आणि वेल यांच्या वर्णनातूनच ग्रंथविभागांकडे आलेले आहेत. युरोपातही हाच प्रकार दिसतो. लॅटिन भाषेत ‘लीबेर’ म्हणजे झाडाची अंतर्साल, आणि तोच शब्द पुढे ग्रंथवाचक झाला; स्पॅनिशमधील ‘लीब्रो’ हा त्याचाच वंशज. ‘कोडेक्स’ या शब्दाच्या मुळाशी झाडाचे खोड आहे. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेत ‘आमात्ल’ म्हणजे वड-उंबराच्या कुळातील झाडांच्या सालीपासून केलेला कागद, ‘आमोश्त्ली’ म्हणजे ग्रंथ आणि ‘आमोश्काल्ली’ म्हणजे ग्रंथगृह.

भाषेत जुळलेले हे नाते वास्तुशास्त्रात मात्र सहज जुळत नाही. ग्रंथ हा वृक्षापासून झालेला असला, तरी वृक्षाच्या सान्निध्यात तो सुखाने राहत नाही. झाडास पाणी हवे, ग्रंथास कोरडेपणा हवा. झाडास ऊन हवे, ग्रंथास सावली हवी. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात ‘लिग्निन’ हे काष्ठद्रव्य राहून जाते, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याचे विघटन होऊन कागद पिवळा व ठिसूळ होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, तर पुठ्ठ्यांवर आणि शिवणींवर बुरशी धरते. ओलाव्याबरोबर कसर व वाळवी येतात, ते निराळेच. तेव्हा एकाच आवारात विस्तीर्ण उद्यान आणि लक्षावधी ग्रंथ नांदवावयाचे, तर तो केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. परस्परविरोधी गरजा असलेल्या दोन संग्रहांची एकत्र व्यवस्था लावण्याचा तो प्रश्न होतो. मेक्सिको शहरातील वास्कोन्सेलोस ग्रंथालयात या प्रश्नास कोणते उत्तर देण्यात आले, आणि त्या उत्तराची किंमत काय पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

(२)

या प्रश्नाची दोन उत्तरे पूर्वीपासून प्रचारात आहेत. पहिले उत्तर असे की, ग्रंथांची इमारत आणि बाग शेजारी असावीत, पण त्यांची सरमिसळ होऊ नये. मुंबईच्या काळा घोडा भागातील, १८७० साली उभ्या राहिलेल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागील बाजूस असलेली लहानशी बाग हे त्याचे मराठी वाचकांस परिचित असे उदाहरण. रस्त्याकडील गलबला दगडी इमारत आपल्या अंगावर घेते आणि वाचक वृत्तपत्र किंवा पुस्तक घेऊन मागे झाडांखाली जाऊन बसतो. बागेचा लाभ वाचकास मिळतो. ग्रंथांच्या कपाटांशी मात्र तिचा संबंध येत नाही.

दुसरे उत्तर पॅरिस येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहावयास मिळते. दोमिनिक पेरो या वास्तुशिल्पज्ञाने योजिलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९९५ मध्ये झाले आणि १९९६ च्या डिसेंबरात ती वाचकांस खुली झाली. एका विशाल चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर उघड्या पुस्तकांच्या आकाराचे चार मनोरे आणि मध्यभागी, जमिनीच्या पातळीखाली उतरविलेले सुमारे एक हेक्टरचे वृक्षोद्यान, अशी ही रचना आहे. वाचनदालने या उद्यानाभोवती आहेत. परंतु उद्यानात पाऊल टाकण्यास वाचकास नित्य मुभा नाही. काचेतून ते पाहावयाचे, एवढेच. मठातील बंदिस्त अंगणाची आठवण करून देणारी ही कल्पना गंभीर आहे. तथापि येथे वृक्ष हे दृश्य होतात, सहवासी होत नाहीत. शिवाय ग्रंथांचे संग्रह काचेच्या मनोऱ्यांत ठेवल्यामुळे त्यांस उन्हापासून वाचविण्यासाठी आतून लाकडी झडपा बसवाव्या लागल्या. ज्या झाडांनी सावली धरावयाची ती खाली खोलात आणि ज्या ग्रंथांस सावली हवी ते वर उन्हात, अशी ही वाटणी झाली.

मेक्सिकोतील उत्तर या दोहोंहून वेगळे आहे. तेथे उद्यान इमारतीच्या बाहेर चोहोकडे पसरले आहे आणि इमारतीच्या कामांतील काही कामे त्याच्याकडे सोपविली आहेत.

(३)

हे ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या होसे वास्कोन्सेलोस (१८८२–१९५९) यांचा परिचय थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. तत्त्वचिंतक, लेखक आणि राजकारणी असलेले वास्कोन्सेलोस हे मेक्सिकोतील क्रांतीनंतर १९२१ मध्ये स्थापन झालेल्या लोकशिक्षण मंत्रालयाचे पहिले मंत्री होते. १९२४ पर्यंतच्या आपल्या अल्प कारकीर्दीत त्यांनी साक्षरतेचा प्रसार, खेडोपाडी शिक्षकांची पथके, अभिजात ग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी यांस एकाच कार्यक्रमात गोवले. पुढे १९४६ मध्ये राजधानीत स्थापन झालेल्या ‘बिब्लिओतेका दे मेहिको’ या ग्रंथालयाचे संचालकपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. भारतीय तत्त्वज्ञानाविषयी त्यांस आस्था होती आणि त्या विषयावर त्यांनी १९२० मध्ये एक ग्रंथही प्रसिद्ध केला होता.

मराठी वाचकांस या कालखंडाशी जोडणारा आणखी एक धागा आहे. वास्कोन्सेलोस यांनी बांधविलेल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रांपैकी एका चित्रात भाकर वाटणारी जी व्यक्ती दिसते, ती वर्ध्याकडचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची प्रतिमा म्हणून ओळखली जाते. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. अन्न आणि अक्षर या दोन्ही गोष्टी सर्वसामान्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचल्या पाहिजेत, ही त्या पिढीची धारणा होती. ग्रंथालयास उद्यानाची जोड देण्याची कल्पना अर्थातच त्यांची नव्हे. परंतु सार्वजनिक वास्तूवर सढळ हाताने खर्च करावा आणि ती सर्वांस विनामूल्य खुली असावी, हा आग्रह त्याच परंपरेतून पुढे आलेला आहे.

(४)

या वास्तूसाठी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. तीत १९६० साली जन्मलेल्या आल्बेर्तो कालाच यांचा, हुआन पालोमार, गुस्तावो लिपकाउ आणि तोनातिउ मार्तीनेस यांच्या सहकार्याने केलेला आराखडा निवडला गेला. कालाच यांचा व्यासंग केवळ इमारतींपुरता मर्यादित नव्हता. मेक्सिको शहर हे तेस्कोको सरोवराच्या आटविलेल्या तळावर वसलेले आहे; तेथील मऊ चिकणमाती भूजलाच्या उपशामुळे दबत जाते आणि शहर खचत राहते. या हरवलेल्या सरोवरांचे पुनरुज्जीवन करावे असा प्रस्ताव कालाच यांनी ज्येष्ठ वास्तुशिल्पज्ञ तेओदोरो गोन्सालेस दे लेओन यांच्यासह विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला होता. शहराचा विचार पाणी, माती आणि झाडे यांपासून सुरू करण्याची ही सवय ग्रंथालयाच्या आराखड्यातही उतरली आहे.

जागा मिळाली ती बुएनाविस्ता या भागात, जुन्या रेल्वे स्थानकालगत. एका बाजूस रूळ, दुसऱ्या बाजूस मोस्केता नावाचा वाहता रस्ता, आणि भोवती दाट वस्ती. आज या ठिकाणी मेट्रोचे स्थानक आहे आणि २००८ पासून उपनगरी रेल्वेचे आरंभस्थानही आहे. म्हणजे वर्दळ आणि आवाज यांची येथे वाण नाही. हिरवळीची मात्र होती. लांबट पट्ट्याच्या आकाराच्या या भूखंडावर कालाच यांनी अडीचशे मीटरांहून लांब, तीन जोडलेल्या भागांची एकच इमारत उत्तर-दक्षिण पसरविली. बांधकामाचे क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस मीटर आहे, आणि भोवतीच्या वनस्पती-उद्यानाचे सुमारे २६,००० चौरस मीटर. मानवी ज्ञान वाहून नेणारे एक तारू हिरव्या वनात येऊन थांबले आहे, अशी मूळ कल्पना होती.

आत शिरणाऱ्यास प्रथम जाणवते ती मोकळी उंची. दोन्ही अंगांस पोलाद व काँक्रीट यांच्या सांगाड्यापासून ग्रंथांच्या मांडण्या एकीवर एक अशा टांगलेल्या आहेत. त्या जमिनीवर उभ्या नसून वरून लोंबत असल्यामुळे मधली पोकळी अखंड राहते, आणि छतातील झरोक्यांतून आलेला उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. मांडण्यांमधील वाटांना अर्धपारदर्शक काचेच्या फरश्या आहेत. त्यामुळे वरची वाट खालच्या वाटेचा उजेड अडवीत नाही. या पोकळीच्या मध्यभागी गाब्रिएल ओरोस्को या कलावंताने करड्या देवमाशाचा खराखुरा सांगाडा टांगला आहे. त्याच्या हाडांवर ग्राफाइटने एकात एक वर्तुळे रेखाटली आहेत. वाचकांची आसने मात्र या पोकळीच्या कडेने, बागेकडील बाजूस आहेत. म्हणजे ग्रंथ आतल्या सावलीत, वाचक कडेच्या उजेडात आणि वृक्ष बाहेर उन्हात, असा क्रम लागतो. ग्रंथ घेऊन वाचक अंधाराकडून उजेडाकडे चालत येतो, आणि ज्याला जे हवे ते त्याला त्याच्या जागी मिळते.

(५)

आता उद्यानाकडे वळावयास हरकत नाही. येथे मेक्सिकोच्या निरनिराळ्या प्रदेशांतील वृक्ष, झुडपे आणि काटेरी वनस्पती लावलेल्या आहेत. वनस्पतींचा संग्रह म्हणून त्याचे महत्त्व आहेच. परंतु वास्तुरचनेच्या दृष्टीने हे उद्यान तीन कामे करते.

पहिले काम सावलीचे. इमारत उत्तर-दक्षिण लांब असल्यामुळे तिच्या लांब भिंती पूर्वेस आणि पश्चिमेस येतात. दुपारचे माथ्यावरचे ऊन छज्जाने अडविता येते. पण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन छज्जाखालून आत शिरते. ते अडविण्यास उभा पडदाच हवा, आणि झाडांची रांग हा तसा पडदा होय. येथे अक्षांशाचा विचारही करावयास हवा. मेक्सिको शहर सुमारे १९ अंश २५ कलांवर आहे, म्हणजे जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर. दोन्ही शहरांत मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कलतो. युरोपात उत्तरेचा उजेड हा बाराही महिने सौम्य समजला जातो; या अक्षांशावर ते गृहीत धरून चालत नाही. शिवाय मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, आणि उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता वाढते. पर्णांचा पडदा तेथे ग्रंथरक्षणाचे साधन ठरतो.

दुसरे काम आवाजाचे. झाडांची विरळ रांग आवाज फारसा अडवीत नाही, ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परंतु रस्ता आणि इमारत यांच्यामध्ये बागेमुळे अंतर पडते, मऊ माती काही ध्वनी शोषून घेते, आणि पानांची सळसळ व पक्ष्यांचा आवाज उरलेल्या गोंगाटावर पांघरूण घालतो. वाचनास नितांत शांततेपेक्षा लक्ष विचलित न करणारा आवाज पुरेसा असतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

तिसरे काम सामाजिक आहे. ग्रंथालयाचा उंबरठा अनेकांस उंच वाटतो. ज्याने कधी ग्रंथालयात पाऊल टाकलेले नाही, त्यास बागेत बसावयास कोणाच्या अनुमतीची गरज वाटत नाही, आणि बागेतून दालनापर्यंत येणे त्या मानाने सोपे असते. या ग्रंथालयात बालकांसाठी, ब्रेल लिपीच्या वाचकांसाठी आणि खुणांची भाषा वापरणाऱ्या बधिर व्यक्तींसाठी स्वतंत्र दालने आहेत. अनेक प्रकारच्या वाचकांस एका छपराखाली आणावयाचे, तर प्रवेशाची वाटही सर्वांच्या ओळखीची असावी लागते. बाग ही तशी वाट आहे.

(६)

एवढे सांगून थांबल्यास चित्र अपुरे राहील. ग्रंथालयाचे उद्घाटन १६ मे २००६ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष विसेन्ते फॉक्स यांच्या हस्ते झाले. त्यांच्या कारकीर्दीची अखेर जवळ आली होती आणि नव्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक २ जुलै रोजी व्हावयाची होती. काम उरकण्याची घाई झाली, हे नंतर दिसून आले. सुमारे दहा महिन्यांतच, मार्च २००७ मध्ये, बांधकामातील दोषांमुळे ग्रंथालय बंद करावे लागले. पाण्याची गळती हा त्यांपैकी एक दोष. देशाच्या सर्वोच्च लेखापरीक्षण कार्यालयाने बांधकामातील ३६ अनियमितता नोंदविल्या. २००८ अखेरीस ग्रंथालयाचे दरवाजे पुन्हा उघडले. दीड वर्षाहून अधिक काळ नागरिकांच्या पैशाने उभी राहिलेली वास्तू नागरिकांस बंद होती.

या प्रसंगावरून उद्यान व ग्रंथ यांच्या संयोगाची कल्पनाच सदोष होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे शक्य आहे. तो निष्कर्ष योग्य नव्हे. पाणी आत आले ते छपरातून व जोडांतून, बागेतून नव्हे. कोणत्याही मोठ्या छपराचे जोड एक-दोन पावसाळे पाहिल्यावाचून विश्वासास पात्र ठरत नाहीत, आणि मेक्सिको शहराचा पावसाळा उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत सुरू होणारा होता. टांगलेल्या मांडण्यांचे, काचेच्या वाटांचे आणि असंख्य झरोक्यांचे असे बांधकाम खचणाऱ्या जमिनीवर करताना चाचणीसाठी वेळ राखून ठेवणे अगत्याचे होते. नेमका तो वेळच वेळापत्रकातून वगळला गेला.

याहून सूक्ष्म अशी दुसरी गोष्ट आहे. उद्घाटनाच्या दिवशी काँक्रीट पूर्ण होते, पण झाडे कोवळी होती. भिंतींवर सावली धरण्याचे जे काम आराखड्याने त्यांच्यावर सोपविले होते, ते त्या दिवशी त्यांच्याकडून होणे शक्यच नव्हते. प्रारंभीच्या वर्षांत अनेक टीकाकारांनी इमारतीस उघडी, राकट आणि यंत्रशाळेसारखी म्हटले असेल, तर त्यात त्यांची चूक नव्हती. ते अर्ध्या वास्तूवर अभिप्राय देत होते. पुढील काळात झाडांनी उंची धरली आणि भिंतींचा बराच भाग पानांआड गेला. ज्या वास्तूचा अर्धा भाग वाढणारा आहे, तिचे मोजमाप वर्षांनीच करावे लागते.

(७)

या विवेचनातून महाराष्ट्रापुरता काही बोध घेता येईल काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अक्षांश सारखा असला, तरी मेक्सिको शहराची कोरडी, थंड, उंचावरची हवा मुंबईस नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत मोकळ्या झरोक्यांची ती रचना जशीच्या तशी आणल्यास एका पावसाळ्यात ग्रंथांवर बुरशी चढेल. घेण्यासारखे आहे ते तत्त्व. झाडे पूर्व-पश्चिमेस असावीत. ग्रंथ आत व वाचक कडेस असावा. मुळे व पाणी भिंतीपासून दूर राखावे. आणि बागेचा दरवाजा ग्रंथालयाच्या दरवाजाआधी यावा. या चार गोष्टींस मोठा खर्च लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाल्यानंतर राज्यात जी हजारो लहान ग्रंथालये चालत आली आहेत, त्यांपैकी ज्यांच्यापाशी थोडे आवार आहे, त्यांस या गोष्टी अशक्य नाहीत.

मात्र त्यासाठी कारभाराची एक सवय बदलावी लागेल. इमारतीसाठी निधी एकदाच मंजूर होतो आणि उद्घाटनाबरोबर संपतो. माळ्याचे वेतन, छपराची डागडुजी आणि ग्रंथांवरील धूळ ही दरवर्षीची कामे असतात. ग्रंथपाल आणि माळी या दोघांचे काम मुळात एकाच जातीचे आहे. दोघेही जे आपल्या हातून पूर्ण होणार नाही, त्याचे जतन करीत असतात. वास्कोन्सेलोस ग्रंथालयात ही दोन्ही कामे एका आराखड्यात आणली गेली, हे त्या वास्तूचे खरे वैशिष्ट्य होय. आणि उद्घाटनाच्या घाईने जे दीड वर्ष गमावले, ते हा आराखडा अंमलात आणताना वेळेचा हिशेब विसरल्याचे फळ होय. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दहा वर्षांची देखभाल इमारतीच्या खर्चाबरोबरच मांडली गेली पाहिजे, एवढी एक गोष्ट या उदाहरणावरून निश्चितपणे सांगता येते.